फोटोत कळस दिसतो, तरी घर सापडत नाही: सौर सबसिडी आणि 'जिओटॅग'ची भानगड

माझ्या मामांचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. मागच्या वर्षी मामांनी स्लॅबवर तीन किलोवॅटच्या सोलरच्या प्लेटा बसवल्या. काम दोन दिवसांत उरकलं, मीटर बदलून गेलं आणि सबसिडीची वाट बघणं सुरू झालं. महिनाभरानं एजन्सीवाल्या पोराचा निरोप आला: फोटो परत आलाय, लोकेशन जुळत नाही. मामांनी मला फोन लावला. "अरे, फोटोत मी उभा आहे, मागं प्लेटा आहेत, प्लेटांच्या मागं मारुतीच्या देवळाचा कळस दिसतोय. अजून कसलं लोकेशन पाहिजे यांना?"

मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. तो कळस बघून आजूबाजूच्या चार गावांतला कोणीही सांगेल की हा स्लॅब कोणत्या गल्लीतला. पण फोटो तपासणारा त्या चार गावांतला नव्हता, आणि दिवसभर असे फोटो बघणाऱ्याला सगळे कळस सारखेच.

खणत गेलो तेव्हा खरी गोष्ट कळली. पोरानं फोटो आपल्या फोनवर काढला, व्हॉट्सअॅपवर परभणीच्या दुकानात पाठवला. तिथं कोणाच्या तरी लक्षात आलं की यावर लोकेशनचा, म्हणजे फोटो कुठं काढला ते सांगणारा ठसाच नाही. मग त्या बहाद्दरानं संगणकाच्या पडद्यावर मामांचा फोटो उघडला आणि ठसा मारणाऱ्या अॅपनं त्या पडद्याचाच फोटो काढला. ठसा आला, झकास आला, पण परभणीच्या दुकानाचा. मामा सेलू तालुक्यातल्या छपरावर आणि त्यांचा पत्ता परभणीच्या बाजारपेठेत.

सध्या गावोगाव प्लेटा बसताहेत आणि असे किस्से पारावर रोज ऐकू येतात. हा 'जिओटॅग' नावाचा प्रकार नेमका काय आहे, तो फोटोत कुठं बसतो आणि कसा हरवतो, हे एकदा नीट समजून घेतलं तर सबसिडीच्या ७८ हजारांसाठी चकरा माराव्या लागत नाहीत.

सबसिडी किती, आणि त्यात फोटोचं काय काम?

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या एक कोटी घरांवर सौर संच बसवायचे, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागं ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये. म्हणजे एकाला ३०, दोनाला ६० आणि तिनाला ७८ हजार. पुढं पाच बसवा नाहीतर दहा, आकडा ७८ हजारांवरच थांबतो. एक किलोवॅटचा संच आपल्याकडच्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट वीज देतो, तेव्हा मध्यम कुटुंबाला तीन किलोवॅट पुरून उरतात.

यातली मेख अशी की पैसे काम झाल्यावर येतात. आधी तुम्ही खिशातून किंवा कर्जातून खर्च करायचा, संच सुरू करायचा, महावितरणनं तपासणी करून तो सुरू झाल्याचं नोंदवायचं, आणि मग सबसिडी तुमच्या बँक खात्यात. देणारा दिल्लीत, घेणारा वाडी-वस्तीवर. मधल्या अंतरात एकाच छताचे फोटो दहा अर्जांना लावले तर कोणाला कळणार? म्हणून योजनेच्या पोर्टलवर कामाचा तपशील भरताना लाभार्थीसह बसवलेल्या संचाचा जिओटॅग केलेला फोटो जोडावा लागतो.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी करताना आपण बांधावर उभं राहून कापसाचा, सोयाबीनचा फोटो काढतोच, आणि त्या फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातातच. घरकुलाचा हप्ता सुटायचा तर पाया, लिंटेल, छत अशा टप्प्यांचे फोटो लागतात. रोजगार हमीच्या विहिरीलाही लागतात. तोच प्रकार आता स्लॅबवर चढलाय, एवढंच. फरक म्हणजे पीक पाहणीत अॅप तुमच्या हातात असतं, इथं बहुतेक वेळा सगळा कारभार एजन्सीच्या हातात. आणि घोळ तिथंच होतो.

फोनला कसं कळतं आपण कुठं आहोत?

जिओटॅग म्हणजे फोटोला चिकटवलेला जागेचा आणि वेळेचा शिक्का. टपालाच्या पाकिटावर पूर्वी गाव आणि तारीख असलेला गोल शिक्का बसायचा, तसाच. फक्त इथं गावाच्या नावाऐवजी अक्षांश आणि रेखांश असतात.

हे आकडे फोनला कुठून मिळतात? वीज चमकली की आपण मनातल्या मनात मोजतो, एक, दोन, तीन... आणि मग गडगडाट. तीन सेकंद लागले तर वीज साधारण किलोमीटरभर लांब. आवाजाला यायला लागलेल्या वेळावरून आपण अंतर काढलं. फोन हेच करतो, फक्त ढगाऐवजी उपग्रहाशी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत रेडिओ संदेश सोडत असतात, "मी अमुक, इथं आहे, आत्ता इतके वाजलेत." तो संदेश पोचायला सेकंदाच्या पंधराव्या हिश्शाएवढा वेळ लागतो. त्यावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो.

एका उपग्रहाच्या अंतरावरून जागा कळत नाही. खुंटाला दोर बांधून बैल चरायला सोडला तर तो दोराच्या घेरात कुठंही असू शकतो. पण तोच बैल दोन-तीन खुंटांना ताणलेल्या दोरांनी बांधला तर तो नेमका कुठं उभा आहे हे ठरून जातं. तीन उपग्रहांनी जागा निघते. चौथा लागतो तो फोनच्या घड्याळाची चूक काढायला, कारण उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि आपल्या फोनमधलं घड्याळ त्यापुढं अगदीच कामचलाऊ. उघड्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. जिन्यात, पत्र्याखाली किंवा दोन इमारतींच्या बोळीत उभे राहिलात तर हीच चूक वाढते, कारण संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेनं येतो आणि फोनला वाटतं अंतरच जास्त आहे.

म्हणून स्लॅबवर गेल्यागेल्या खटकन फोटो काढू नका. मिनिटभर फोन मोकळ्या आकाशाखाली धरा. जिना चढताना धरलेली जागा फोनच्या डोक्यात अजून ताजी असते.

आकडे वाचता येणं गरजेचं आहे

अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किती, रेखांश म्हणजे ग्रिनिचपासून पूर्वेला किती. मराठवाड्यात अक्षांश १७ ते २० च्या घरात आणि रेखांश ७४ ते ७८ च्या घरात असतो. छत्रपती संभाजीनगर साधारण १९.८८ आणि ७५.३४, लातूर १८.४० आणि ७६.५८, नांदेड १९.१५ आणि ७७.३०. आपल्या गावाचे आकडे एकदा नकाशावर बघून वहीत लिहून ठेवा. फोटोवरचा ठसा आपला आहे की नाही हे मग एका नजरेत कळतं.

दशांश चिन्हानंतरचे आकडे किती महत्त्वाचे? अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशानंतर दोन आकडे दिले तर किलोमीटरभराच्या आतबाहेर, म्हणजे अख्खं गाव. चार दिले तर ११ मीटर, म्हणजे घर. पाच दिले तर एक मीटर, म्हणजे स्लॅबवरची जागा. कुठं हातानं भरायची वेळ आली तर निदान पाच आकडे भरा.

हातानं भरताना दोन चुका ठरलेल्या. पहिली, अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. संभाजीनगरचं घर ७५ उत्तर आणि १९ पूर्व असं लिहिलं, तर ते नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्या आत बर्फगार समुद्रात जाऊन पडतं. तिथं प्लेटा बसवणारी एजन्सी अजून निघालेली नाही.

दुसरी चूक कोणाच्या सहज लक्षात येत नाही. काही अॅप जागा अंश-मिनिटांत दाखवतात, म्हणजे १९ अंश ५२ मिनिटं. घाईत माणूस ते १९.५२ असं लिहून टाकतो. पण अंशाची मिनिटं साठ असतात, घड्याळासारखी. १९ अंश ५२ मिनिटं म्हणजे १९.८७. फरक ०.३५ चा, आणि जमिनीवर तो भरतो ३८ किलोमीटरहून जास्त. संभाजीनगरच्या सिडकोतलं घर सरळ दक्षिणेला सरकून पैठणच्या जवळपास जातं.

ठसा दोन ठिकाणी असतो, आणि लोक एकच बघतात

सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

फोटोवर खाली पट्टी येते, छोटा नकाशा, गावाचं नाव, अक्षांश-रेखांश, तारीख. जीपीएस मॅप कॅमेरा किंवा तशा अॅपनं ती छापलेली असते. हा वरचा ठसा. तो चित्राचाच भाग होऊन जातो, लग्नाच्या फोटोवर स्टुडिओचं नाव छापलेलं असतं तसा. फोटो कुठंही पाठवा, छापा, झेरॉक्स काढा, तो राहतो.

दुसरा ठसा डोळ्यांना दिसत नाही. फोन फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत त्याच फाइलमध्ये एक छोटी नोंद लिहितो: कोणत्या फोनचा कॅमेरा, किती वाजता, कोणत्या अक्षांश-रेखांशावर. या नोंदीला 'एक्झिफ' म्हणतात. भांड्याच्या बुडाला कोरलेल्या नावासारखी ही असते. वरून बघितलं तर भांडं ते भांडंच, उलटं केलं की कोणाचं ते कळतं.

वरचा ठसा माणसासाठी आणि आतला संगणकासाठी, असं ढोबळमानानं समजा. अर्जात कोणता मागितलाय ते बघत बसण्यापेक्षा दोन्ही ठेवावेत. आणि आतला ठसा फार नाजूक असतो.

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो चित्र दाबून लहान करतो आणि आतली नोंद काढून टाकतो. समोरच्याला चित्र पोचतं, जागा पोचत नाही. मामांच्या फोटोचं नेमकं हेच झालं होतं. स्क्रीनशॉट काढला तरी नोंद जाते, कारण स्क्रीनशॉट हा पडद्याचा नवा फोटो असतो. फोटो कापला, उजळला, त्यावर बाण काढून लिहिलं, तर काही अॅप नोंद ठेवतात, काही टाकतात. भरवसा नाही.

उपाय साधा आहे. व्हॉट्सअॅपवरच पाठवायचा असेल तर जोडणीच्या चिन्हावर जाऊन 'गॅलरी' ऐवजी 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटोची फाइल पाठवा. मग ती आहे तशी जाते, नोंदीसकट. ईमेलला जोडली तरी चालतं. एजन्सीचा पोरगा स्वतःच्या फोनवर फोटो काढत असेल तर तो जिना उतरायच्या आधी फाइल डॉक्युमेंट म्हणून तुमच्याकडं घ्या. उद्या तो नोकरी सोडेल, परवा त्याचा फोन पाण्यात पडेल, आणि तुमचा पुरावा त्याच्यासोबत जाईल.

नोंद आहे की नाही हे तपासायला काही शिकावं लागत नाही. गॅलरीत फोटो उघडा आणि वर सरकवा, किंवा 'डिटेल्स'वर जा. नकाशा किंवा आकडे दिसले तर नोंद आहे. फक्त तारीख आणि आकारमान दिसलं तर नाही. दिसत नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' किंवा 'सेव्ह लोकेशन' बंद असणार. पुष्कळ फोनमध्ये ते बंदच असतं. शिवाय कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी देताना 'प्रिसाइज', म्हणजे नेमकी जागा, हा पर्याय चालू ठेवा. नाहीतर फोन मुद्दाम मोघम जागा देतो, दोन-तीन किलोमीटरच्या घेरातली.

एक गंमत सांगून ठेवतो, कारण यावरून एका ठिकाणी वाद झालेला मी पाहिलाय. आतल्या नोंदीत वेळ दोनदा असते. एक फोनच्या घड्याळाची, दुसरी उपग्रहाची. उपग्रहाची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. दुपारी बाराला काढलेल्या फोटोत ती सकाळी साडेसहाची दिसते. "साडेसहाला एवढं ऊन कसं?" असं कोणी विचारलं तर उत्तर हे आहे.

मग कोणते फोटो काढायचे?

पोर्टलला लागतो तेवढा एक फोटो एजन्सी काढेलच. मी तुमच्या स्वतःच्या फायलीबद्दल बोलतोय. जिओटॅगनं जागा आणि वेळ सिद्ध होते, पण काय बसवलं ते सिद्ध होत नाही. चुकीच्या प्लेटा बरोबर जागेवर बसवल्या तरी ठसा बरोबरच येणार.

सुरुवात रिकाम्या स्लॅबपासून करा. काम सुरू होण्याआधीचा एक फोटो, एका कोपऱ्यातून, पाण्याची टाकी किंवा जिन्याची टोपी अशी न हलणारी खूण धरून. नंतरचा फोटोही त्याच कोपऱ्यातून काढा. शेजारी शेजारी ठेवले की सांगायची गरज पडत नाही.

त्यानंतर जे झाकलं जाणार आहे ते टिपा. याला मी सगळ्यात जास्त भाव देतो. अर्थिंगचे खड्डे साधारण तीन असतात: एक प्लेटांच्या बाजूचा, एक घरच्या विजेच्या बाजूचा आणि एक वीजरोधकाचा. माती लोटली की वर फक्त झाकणं दिसतात. खाली रॉड किती खोल गेला, गेला की नाही, हे नंतर देवालाच ठाऊक. वळवाच्या पावसात आपल्याकडं विजा कशा पडतात हे वेगळं सांगायला नको. खड्डा उघडा असताना, रॉड दिसत असताना फोटो घ्या. तसंच प्लेटा धरणाऱ्या स्ट्रक्चरचे पाय स्लॅबला कसे बसवले, भोकं पाडली तिथं पाणी मुरू नये म्हणून काय भरलं, हेही टिपा. गळती लागली तर भांडायला कामी येतं, कारण पाच वर्षांची देखभाल एजन्सीकडं असते.

मग प्लेटांवरचे क्रमांक. प्रत्येक प्लेटेला स्वतःचा सिरियल नंबर असतो, मागच्या लेबलवर आणि बहुतेक वेळा काचेच्या आतही, बारकोडसोबत. प्लेटा स्ट्रक्चरवर चढल्या की मागचं लेबल वाचायला पोटावर झोपून आत शिरावं लागतं, म्हणून खाली ओळीनं ठेवलेल्या असतानाच प्रत्येकीच्या लेबलचा फोटो घ्या. सबसिडी फक्त भारतात बनलेले सेल वापरून भारतातच बनवलेल्या प्लेटांना मिळते. याला 'डीसीआर' प्लेटा म्हणतात, आणि त्या बिगर-डीसीआरपेक्षा महाग असतात. किमतीत फरक आहे म्हटल्यावर अदलाबदलीचा मोह होणारच. डीसीआर प्रमाणपत्रावरचे क्रमांक आणि तुमच्या फोटोतले क्रमांक जुळवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

प्लेटांची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या स्टिकरचाही फोटो घ्या. सबसिडी मोजताना प्लेटांची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी ती धरतात. प्लेटा तीन किलोवॅटच्या आणि इन्व्हर्टर दोनचा असेल तर पैसे दोनाचेच. शेवटी नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर, त्याचा क्रमांक वाचता येईल असा.

आणि मग तो ठरलेला फोटो, तुम्ही आणि प्लेटा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास काढा. प्लेटांचं तोंड दक्षिणेला असतं, दुपारी समोरून काढला तर काचेवर ऊन चमकून निम्मा फोटो पांढरा होतो. शिवाय एप्रिल-मे मध्ये आपल्या स्लॅबवर बारा वाजता फोन इतका तापतो की कॅमेरा आपोआप बंद पडतो. सेल्फी काढू नका, काही फोन सेल्फी आरशासारखी उलटी साठवतात आणि मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात. घरातल्या कोणाला तरी वर बोलवा.

"आमच्या वस्तीवर रेंजच नाही"

जीपीएसला रेंज लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. फोन उपग्रहाकडं काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. इंटरनेट असलं की कोणता उपग्रह कुठं आहे याचं वेळापत्रक लगेच मिळतं आणि जागा काही सेकंदांत सापडते. नसलं तर ते वेळापत्रक थेट उपग्रहाकडून उतरवून घ्यावं लागतं, त्याला अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटं जातात. थांबा, आणि अॅपमधला अचूकतेचा आकडा पाच-दहा मीटरवर आला की फोटो काढा. रेंज नसताना पट्टीवर गावाचं नाव आणि नकाशा येणार नाही. अक्षांश-रेखांश येतील, आणि महत्त्वाचे तेच आहेत.

"ठशात दुसऱ्याच गावाचं नाव आलंय"

घाबरू नका. फोनला उपग्रहाकडून फक्त आकडे मिळतात. नाव अॅप नकाशातून शोधून लावतं, जवळचं जे सापडेल ते. तांड्यावरच्या घराला शेजारच्या मोठ्या गावाचं नाव लागणं, शेतवस्तीला रस्त्याचं नाव लागणं नेहमीचं आहे. नकाशा जुना असेल तर छत्रपती संभाजीनगरऐवजी औरंगाबाद आणि धाराशिवऐवजी उस्मानाबादही छापून येतं. आकडे बरोबर असतील तर फोटो बरोबर.

पुनर्वसित गावांना मात्र थोडं जास्त जपावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली कितीतरी गावं नव्या जागी वसली. जुनं गावठाण एकीकडं, नवं दुसरीकडं, नाव तेच. कागदावर एक जागा आणि फोटोत दुसरी असं दिसलं तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ जोडा आणि नव्या जागेतल्या मीटरचा फोटो सोबत द्या. मीटर भिंतीला असतं, ते गावठाण बदलत नाही.

"बिल आजोबांच्या नावावर आहे, फोटोत मी"

हा जिओटॅगचा प्रश्न नाही, पण अर्ज यावर हमखास अडकतात. अर्ज वीजबिलावरच्या बारा आकडी ग्राहक क्रमांकावर होतो आणि बिलावरचं नाव, अर्जातलं नाव, बँक खात्यातलं नाव जुळावं लागतं. आपल्याकडं तीन पिढ्यांपूर्वीच्या नावानं बिलं येत राहतात, कारण भरणाऱ्याला काही अडत नाही. प्लेटा बसवायच्या असतील तर आधी महावितरणकडं नाव बदलून घ्या. नंतर बदलायला गेलात तर सगळं उलटं फिरवावं लागतं.

"खोटं लोकेशन लावता येतंच की, मग या सगळ्याला अर्थ काय?"

लावता येतं. फोनला चुकीची जागा सांगणारी अॅप फुकट मिळतात, आणि वरची पट्टी तर कोणीही चिकटवू शकतो. म्हणून फोटो हा एकमेव पुरावा नसतो. ग्राहक क्रमांक, प्लेटांचे सिरियल नंबर, नेट मीटर, महावितरणची तपासणी हे सगळं त्याच्याशी जुळावं लागतं. पंचनाम्यात एका साक्षीदाराच्या सहीवर भागत नाही, तसंच.

पण एक लक्षात घ्या. एजन्सीवाला म्हणाला, "काका, मी लोकेशन सेट करून देतो, तुम्ही वर यायची गरज नाही," तर नको म्हणा. पैसे तुमच्या खात्यात येणार आहेत आणि कागदावर सही तुमची आहे. उद्या चौकशी लागली तर नोटीस त्याच्या नाही, तुमच्या दारात येणार.

"माझ्या घराची जागा सगळ्यांना कळेल ना?"

शंका रास्त आहे. पोर्टलवर दिली तर ती तुमच्या बिलावरच्या पत्त्यापेक्षा फार वेगळी माहिती नाही. पण पट्टी छापलेला फोटो कौतुकानं स्टेटसला ठेवला, तर घर नेमकं कुठं आहे आणि छपरावर लाख-दोन लाखांचा माल आहे, दोन्ही जाहीर होतं. स्टेटससाठी पट्टी नसलेला वेगळा फोटो काढा. व्हॉट्सअॅप आतली नोंद काढून टाकतो, ती खोड इथं आपल्या फायद्याची ठरते.

मामांचं पुढं काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फोनवर ठेवूनच वर चढवलं. लोकेशन टॅग चालू केलं. मामींनी फोन हातात धरून दोन मिनिटं आकाश दाखवलं, तोवर मामा सदरा बदलून आले. फोटो निघाला, डॉक्युमेंट म्हणून माझ्याकडं आला. मी उघडून वर सरकवला: १९.४ आणि ७६.४ नं सुरू होणारे आकडे, पुढं पाच-पाच अंक, आणि नकाशावर ठिपका बरोबर मारुतीच्या गल्लीत. तीच फाइल एजन्सीला पाठवायला सांगितली, आणि एक मुलीकडं पुण्याला.

"आता जुळेल ना?" मामांनी विचारलं.

"जुळेल."

"आणि कळस आलाय का त्यात?"